सहा घनमीटर

बावीस वर्षं मी विटा मोजल्या.
म्हणजे विटा नव्हेत, भिंतीचं क्षेत्रफळ,
खिडक्या वजा करून.
ग्रीनॉकला, खाडीच्या काठी, पाऊस आडवा येतो,
नकाशाची घडी हातातच लगदा होते.
तिथं डूगल्ड हॅडोंनी मला शिकवलं:
मोजलेल्या रेघेवर हिरवी पेन्सिल फिरव,
म्हणजे तीच भिंत दोनदा विकली जात नाही.
आणि आधी माप. मत नंतर,
तेही कुणी विचारलं तर.

आता मी ग्लासगोत चौथ्या मजल्यावर बसते.
दारावरच्या पाटीत ‘वाद’ हा शब्द आहे.
बूट गाडीच्या डिकीत, त्यांच्यावर वाळलेला चिखल
कुठल्या साइटचा, आता आठवत नाही.
इथं भिंती येत नाहीत,
भिंतींबद्दलची पत्रं येतात.
‘आमच्या नऊ तारखेच्या पत्राची दखल
आपण घेतली नाही, याचा खेद वाटतो.’
खेदाला एकक नाही. मी तो सोडून देते,
उशीर मोजते.
ह्यांचे अकरा दिवस, त्यांचे चार,
आणि दोघांच्याही चुकीनं एकदमच बुडालेले
ते मधले तीन
कुणाच्या पदरात घालायचे.

आई विचारते, हल्ली बांधतेस तरी काय?
फायली, मी म्हणते.
ती हसत नाही.

मार्चमध्ये एका शाळेचं प्रकरण आलं.
सतरा खोकी. निवाडा अठ्ठावीस दिवसांत.
नवव्या खोक्यात साइटची डायरी,
आणि तिच्यात ते अक्षर,
सातच्या पोटातून आडवी रेघ काढणारं.
‘मंगळवार. वारा. पायाचं काँक्रीट,
बेचाळीस घनमीटर. डू. हॅ.’
मी ट्रकच्या पावत्यांची बेरीज केली.
खालून वर केली.
चहा घेऊन आले, पुन्हा केली.
छत्तीस.

सहा घनमीटर म्हणजे एक ट्रक.
प्लांटमधून निघालाच नाही,
आणि तरी डायरीत येऊन रिकामा झाला.

तो हिवाळा मला माहीत आहे.
ब्रोगनच्या माणसांचा दोन आठवड्यांचा पगार अडकला होता,
लहानगा सॅमी लीची डबा न आणता यायचा
आणि सांगायचा, भूक नाही.
मापात पाप, हे मला ठाऊक.
पण पापाचं माप कुठल्या रकान्यात लिहायचं
हे हॅडोंनी कधी शिकवलं नाही.
मी फोन उचलला. ठेवला.
समोरच्या बाजूच्या साक्षीदाराशी बोलायचं नसतं.
अहवालात ‘मला वाटतं’ चालत नाही,
‘मला माहीत होतं’ तर नाहीच.

परिच्छेद सहा पूर्णांक चौदा:
डायरीतील परिमाणास पावत्यांचा आधार नाही.
फरक सहा घनमीटर.
एवढंच. मग ते वाक्य
दुपारभर तसंच पडद्यावर,
आणि मी त्याच्यासमोर.

निवाडा लागला. ब्रोगनचे पैसे कापले गेले.
खोकी परत गेली, एक कोपरा फाटलेलं सोडून.
मे महिन्यात लार्ग्सहून फोन.
‘छत्तीसच होते,’ हॅडो म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.
‘हो,’ मी.
‘खिडक्या वजा केल्यास ना?’
‘पायाला खिडक्या नसतात, मिस्टर हॅडो.’
पलीकडे खोकला आला, की हसू, कळलं नाही.
मग म्हणाले, गॅरेजचं छप्पर गळतंय,
पत्रे किती लागतील?
लांबी किती, मी विचारलं.
असेल सहा-साडेसहा.
‘मोजून सांगा.’

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला,
दार उघडल्याचा,
आणि मग बराच वेळ, लांबून,
टेप सरकत गेल्याचा.