टिक

चावी अर्धी फिरवली, लाल दिवा लागला,
बाकी काही नाही.
माझगावच्या उतारावर, गोदीच्या भिंतीशी,
मागे टेम्पोवाला भोंगा दाबून बसलेला.
मावशीच्या मॉरिसची सवय ठरलेली:
चावी दिली की बॉनेटखाली आठ-नऊ टिक,
मग गप्प, मग स्टार्टर ओढायचा.
आज टिकच नाही.

सत्तारभाई नाखवा गाळ्यातून लुंगीवरच आले.
कान गेलेत त्यांचे,
चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत वापरून संपले.
"पंप बोलत नाही!" मी ओरडले.
"हो, ऊन फार आहे," ते म्हणाले
आणि बॉनेट उचललं.

पान्याच्या दांड्याने पंपाला दोन टिचक्या,
नारळ पारखावा तशा.
माझ्याकडे बघून भुवई उडवली: आला?
मी मान हलवली. नाही.

बल्बला दोन वायरी, एक टोक पंपाच्या पेचाला.
लागला. वीज दारापर्यंत येते तर.
"हिची उलटी रीत. धन बॉडीला, ऋण तारेला.
कुणी नवा पोरगा हात लावील, त्याला आधी हे सांगा."
अर्थची तार सोडली, टोक खरवडलं, आवळली.
नाही.

काळी टोपी काढली. आत चण्याएवढे दोन पॉइंट,
काजळी धरलेले.
"जाडसा कागद?"
पर्समध्ये कीर्तिकरांकडची पत्रिका होती,
तिची कड फाडून त्यांनी पॉइंटमधून ओढली,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा
'सहकुटुंब सहपरिवार' काळं झालं.

चावी.
टिक टिक टिक टिक टिक टिक
आणि थांबेच ना.

मी टाळी वाजवणार होते.
त्यांनी झाकणावर तर्जनी टेकली, डोळे मिटले,
नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे नाही, उगाच कशाला,
हिशेब करणाऱ्या वाण्यासारखे.
"पेट्रोल नाही ओढत. हवा पितोय."

पुढची नळी सोडून लोणच्याच्या बरणीत बुडवली,
बाजूच्या हमालाला बिडी विझवायला लावली.
बरणीत बुडबुडे,
कैरीच्या मसाल्याचा आणि पेट्रोलचा एकत्र वास.
टाकीकडून येणाऱ्या पाइपाचा रबरी सांधा
दाबला तर पापडासारखा मोडला.
"आता पेट्रोलात उसाची दारू घालतात.
जुन्या रबराला सोसत नाही."
मावशीला सोसायची. दिवाळीत एक पेला, मोजून.

डॉक्टर इंदुप्रभा विजयकर.
रात्री अडीचला घोडपदेवला, काळाचौकीला,
हीच गाडी, मागच्या सीटवर उकळलेली कात्री.
खणात अजून तिचा स्टेथोस्कोप आहे,
मला एकदम सुचलं, काढला,
सत्तारभाईंच्या कानांना लावायला गेले,
नळी हातातच तुटली.
त्यांनी तुकडा हुंगला.
"हापण गेला," म्हणाले, आणि आम्ही दोघं
रस्त्यात, उन्हात, हसत सुटलो.
टेम्पोवाला कधीच निघून गेला होता.

नवा सांधा बसला. चावी.
मी मोजले: नऊ.
मग गप्प.

या पंपाचं असं आहे,
न बोलणं वाईट, बोलत राहणं वाईट,
बोलून थांबला तरच तब्येत ठीक.
मावशी सासरच्या माणसांबद्दल हेच म्हणायची.

"थांबला?" त्यांनी विचारलं.
मी बोटांनी नऊ दाखवले.
त्यांनी माझा हात धरून झाकणावर ठेवला,
"पुढच्या वेळी इथे. कान राहत नाहीत."
पैसे घेतले, पत्रिकेचा उरलेला भाग परत दिला.
तारीख तेवढी वाचता येत होती.

आता रात्री, सोसायटीच्या आवारात,
चावी अर्धी फिरवून बसले आहे.
नऊ. शांत.
मग मिनिटभराने
आणखी एक.

ही कुठली, ते विचारायचं राहिलं.
खाली उतरून, बॉनेट उघडून,
झाकणावर बोट टेकून
मी पुढचीची वाट बघते आहे.