वीस पॉइंट नऊ

रासईच्या स्लिपवेवर ओढून घेतलेली बार्ज
नदीकडे पाठ करून पडून असते,
आणि गंज खरवडायला माणसं तिच्या पोटात उतरतात.
मी स्टोअरचा माणूस. मी उतरत नाही.
माझ्याकडे कपाटाची किल्ली, दोन शिक्के,
आणि एक रजिस्टर: तारीख, टाकीचा नंबर,
आतल्या हवेत प्राणवायू किती टक्के, कोणी मोजला.

वीस पॉइंट नऊ.
हा आकडा मला मिंगेल सुपरवायझरने शिकवला
पहिल्याच दिवशी, बशीतला चहा फुंकत:
"भायर जितका, तितकाच आत. लिही."
मी लिहिला. शुक्रवारी बसून शनिवारचा लिहिला,
शिगम्याला यार्ड बंद होतं, त्या दिवशीचाही लिहिला.
अक्षर माझं वळणदार.
शाळेत मला त्याचं बक्षीस होतं.

मग एका मंगळवारी आल्तिन्यावरच्या कचेरीतून
फळदेसाई बाय आल्या, स्वतःच्या स्कूटरवर.
पाहुण्यांसाठी आमच्याकडे सहा पिवळी हेल्मेटं,
प्लास्टिकसकट. त्यांनी आपलं आणलं होतं,
हनुवटीचा पट्टा घामाने काळा पडलेलं.
पात्रांवने शहाळं मागवलं.
बाय रजिस्टरची पानं उलटत राहिल्या,
शिगम्यावर बोट ठेवलं, काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "मीटर दाखवा."

कपाटातून डबा निघाला, डब्यातून मीटर,
आणि मीटरच्या पाठीत, बॅटरीखाली,
कंपनीने लावलेली प्लास्टिकची पट्टी तशीच,
न कापलेल्या नाळेसारखी.
"ओढा," त्या म्हणाल्या.
मी ओढली. मीटरने डोळे उघडले,
आणि स्टोअरच्या दारातली हवा मोजून म्हणालं:
वीस पॉइंट नऊ.
मला हसू आलं, खरंच सांगतो.
बघा, मनात म्हटलं, खोटं कुठे लिहिलं होतं?

बायनी मीटरला दोरी बांधली,
तीन नंबरच्या भोकातून खाली सोडली,
विहिरीत कळशी सोडतात तशी, धक्का न लागू देता.
वीस. एकोणीस. मग ते किंचाळायला लागलं
आणि किंचाळतच खाली गेलं,
सतरा, सोळा,
चौदा पॉइंट दोन.
"लोखंड फुकट गंजत नाही," बाय हळूच म्हणाल्या,
"आतली हवा खाऊन गंजतं."

शिडीवर एक पाय ठेवून बिरसिंग मुर्मू उभा होता,
हातात खरवडणी, नाकाला गमछा.
काल तो डोकं दुखतं म्हणाला होता.
मी त्याला गोळी दिली, गोळीची नोंद केली.
त्या महिन्यातली तेवढी एक नोंद खरी.

अकरा दिवस यार्डाला सील.
दंड झाला, पात्रांवने भरला, वकिलाने घासाघीस केली.
ठेकेदार म्हणाला, काम नाही तर रोज नाही.
मुर्मू आणि त्याच्या गावचे सात जण
पत्र्याच्या खोलीत बसून राहिले,
मानशीवर कुर्ल्या पकडून भातासोबत खाल्ल्या.
मला वाटेत गाठून त्याने विचारलं,
"बाबू, हवा कमी भरली,
मग पैसे आमचे का कापले?"
बायचं कार्ड माझ्या खिशात होतं.
दोनदा नंबर लावला, वाजायच्या आत कापला.
तिसऱ्यांदा वाजू दिला.
पाच दिवसांची मजुरी सुटली. सहा अजून अडकलेत.

आता पंखा आलाय. दोन तास वारा आत ढकलायचा,
मग दोरी सोडायची, मग लिहायचं.
वीस पॉइंट सहा. वीस पॉइंट पाच.
मिंगेल घड्याळ बघतो, शिवी गिळतो.
परवा दोरी वर घेतली, तर काचेवर आला
तोच आकडा. अगदी तोच.
पेन उचललं आणि हात पुढे सरकेना.
वर्षभर न बघता लिहिलेला,
आज समोर दिसत असूनही लिहवेना.

"अजून एकदा सोडू?" मी विचारलं.
मुर्मूने गमछा नाकाखाली ओढला
आणि दोरी आपल्या हातात घेतली.