बत्तीस किलो

मामांनी मला निवडलं ते वजनावरून.
आधी दादाला काट्यावर उभं केलं, मग शेजारच्या धनूला.
केळीच्या वखारीतला काटा तो, चिकाने काळा पडलेला.
मी बत्तीस भरले.
"हीच बसेल," मामा म्हणाले,
"बॅटऱ्यांनीच साडेतीनशे खाल्ले, माणसाला उरलं एवढंच."

चावदस वारके, भुसावळच्या लोको शेडमधले फिटर.
दिवसभर ज्या इंजिनांच्या पोटात हात घालायचे
ती धुराशिवाय अठ्ठावन्न वाघिणी ओढायची.
मग दोन माणसं का नाही?
एवढाच प्रश्न. पाच वर्षं तो
वखारीमागच्या पत्र्याखाली रात्री-रात्री घासत बसले.

अंग सुभान तडवीने घडवलं.
तो कूलरच्या टाक्या करायचा, सीझनला देवळांचे कळस.
त्याला मामांनी विलायती गाड्यांची चित्रं दाखवली नाहीत.
तापीतला मरळ आणून फरशीवर ठेवला:
असं. नाक खाली, पाठ चढती,
शेपटीपाशी वारा सुटला पाहिजे.
आठ दिवस शेडला फायबरचा आणि माशाचा वास.
रंग केळफुलाचा. दारं नाहीत.
टांग टाकून आत उतरायचं, हौदात उतरावं तसं,
आणि बुडाखाली वीतभर अंतरावर रस्ता.

वीज यायची रात्री अकराला, कधी बाराला.
समोर दीपनगरची धुराडी.
आमच्या डोळ्यांदेखत शिजायची
आणि पंगत भलतीकडेच बसायची.
मामा चार्जरजवळ सतरंजी टाकून निजत,
दूध उतू जाईल म्हणून जागावं तसे.

फैजपूरला कॉलेजात प्रदर्शन होतं.
पहाटे निघालो. तापीचा पूल आला
आणि मला नदी ऐकू आली.
गाडीत बसून नदी, तुम्ही कधी ऐकलीय?
खाली कुणीतरी धुणं आपटत होतं, तेसुद्धा.
कुत्री उठली नाहीत. त्यांना कळलंच नाही
भुंकायचं कशावर.

हॉर्न नव्हता. सातशे ग्रॅम वाचवले होते.
हॉर्न मी.
"ओ बाबा, सरकाऽऽ" म्हणत
टमरेल घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्याच्या मागे
आम्ही बराच वेळ माणसाच्या चालीने चाललो.
वळला, पाहिलं, टमरेल खाली ठेवलं.
"इंजन कुठी हाये रे भो?"
"नाही इंजन."
"मंग कोन ढकलून ऱ्हायलं?"
मामा पहिल्यांदा हसले त्या महिन्यात.

मग उघडा रस्ता, दोन्हीकडे केळी,
आणि मामांनी पाय दाबला.
काटा किती गेला ते सांगत नाही,
तुम्ही हसाल. आज शाळेतली पोरं
त्याहून जोरात स्कूटीवर जातात.
माझी रिबीन मात्र उडाली ती उडालीच.

बामणोदच्या अलीकडे गाडी हळू झाली.
बंद नाही पडली; हळू, हळू,
जसा कुणी बोलता बोलता झोपतो.
माणसं जमली. एक पोरगा सायकल मारत गेला,
बाटलीभर पेट्रोल घेऊन आला, धापा टाकत.
पैसे नको म्हणाला.
मामांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली,
पायाशी नीट उभी ठेवली,
"फार उपकार झाले" म्हणाले.

ट्रॉलीत केळीची पानं अंथरून पोचलो.
पहिलं बक्षीस सौरचुलीला.

मामा गेले त्याला बारा वर्षं झाली.
बॅटऱ्या कुठल्या मंडपवाल्याकडे गेल्या, मोटर कुणी नेली,
अंग सुभानच्या वाड्यात उपडं पडलंय,
शेळ्या त्याच्या सावलीला बसतात. रंग अजून आहे थोडा,
नाकाच्या खालच्या बाजूला.

परवा जळगावात, गोलाणी मार्केटच्या कोपऱ्यावर
पाठीमागून बॅटरीची रिक्षा आली, बिनआवाजी,
अगदी टाचेशी.
चालवणारी बाई माझ्याच वयाची.
मी सरकले नाही.
घशात काहीतरी तयार झालं,
समोरच्या माणसासाठी, जो तिथं नव्हता:
ओ बाबा.