पाणी इथपर्यंत होतं

दहाला पाच कमी. मासेवाल्याच्या बंद शटरसमोर
आम्ही अकरा जण, आणि एक कुत्रं, ज्याचे पैसे भरलेले नाहीत.
झेल्मिरा पाशेकू, वय एकाहत्तर, हातात पिवळी छत्री,
पाऊस नाही, तरी उघडी.
"हिच्या मागे या. मी बुटकी आहे, दिसायची नाही."

टोरांटो, ती सांगते, पायांनी वाचायचं शहर आहे.
मग स्वतःच हसते:
हे वाक्य कंपनीनं दिलंय. पुढचं माझं.

हे दुकान. इथं आधी जिवंत कोंबड्या,
मग आमच्या बेटांवरचा खारवलेला मासा,
मग जमैकन पॅटी, आता मेणबत्त्या,
एकीचे चाळीस डॉलर.
भिंत तीच. पोपडा निघालाय तिथं बघा,
निळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली
हिब्रू अक्षरांतला अर्धा शब्द.
काय लिहिलंय? एफुआ विचारते.
"ठाऊक नाही. दर शनिवारी इथं जरा थांबते,
कुणाला वाचता आलं तर."
आम्ही थांबतो. कुणालाच येत नाही.
कुत्रं पाय वर करतं. चला.

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण.
खाली ओढा आहे म्हणे,
विटांच्या नळीत घालून वर रस्ता केलेला.
अस्माराची लुवाम चक्क गुडघे टेकते,
कान लावते.
नवरा लाजून ट्रामच्या तारांकडे बघत राहतो.
ती त्याला काहीतरी म्हणते, त्यांच्या भाषेत, दोनच शब्द,
आणि तोही वाकतो, कोटासकट.
मागून सायकलवाला घंटी वाजवतो, वाजवतच राहतो.
ते दोघे उठत नाहीत.

फ्रंट स्ट्रीट.
फ्रंट म्हणजे समोर. कशाच्या समोर?
झेल्मिरा छत्री डांबरावर आपटते:
तळ्याच्या! पाणी इथपर्यंत होतं.
मग राख टाकली, राडारोडा टाकला,
इमारतींसाठी खणलेली माती टाकली,
तळं मागे सरलं, सरतच गेलं.
न्यूफाउंडलंडचा हार्वे, जन्मभर मासेमारी केलेला,
आपल्या बुटांकडे बघतो आणि म्हणतो,
म्हणजे आत्ता आपण बुडालेलो आहोत.
सगळे हसतात. तो हसत नाही.

नव्या जाकिटातला एक जण तेवढ्यात विचारतो,
तुम्ही मूळच्या कुठल्या?
ती छत्री उचलते. वाटलं, अटलांटिककडे दाखवेल.
दाखवते बँकेच्या मनोऱ्याकडे:
"त्रेचाळिसावा मजला. एकोणीस वर्षं.
रात्री अकरा ते पहाटे पाच.
चारशे कचऱ्याचे डबे, आणि काच, आतून.
पहिला हिवाळाभर मला वाटायचं,
दिवे संपतात तिथं विमानतळ असेल,
रात्रीचा बंद ठेवलेला.
मग मे महिन्यात एकदा लवकर उजाडलं."

एवढंच. पुढे काय ते सांगत नाही.
सिग्नल बदलतो.

पुलाखालून, लघवीच्या वासातून, महामार्गाच्या घरघरीतून
आम्ही बाहेर येतो आणि समोर
ओंटारिओ सरोवर, पलीकडचा काठ नसलेलं,
ऑक्टोबरच्या उन्हात कथलासारखं.
शाळेच्या प्रकल्पासाठी आलेला छोफेल
वहीत लिहितो: निळं. खोडतो.
झेल्मिरा पाण्यापासून दहा पावलांवर उभी.
"दिवसा बघायची मला अजून सवय नाही,"
ती म्हणते, तेही कंपनीचं वाक्य नसावं.

तेवढ्यात वारा. छत्री उलटी होते,
आणि दांडा एफुआ पकडते, हार्वे पकडतो,
जाकीटवालाही,
चार देशांचे हात एका मोडक्या काठीला.
मिटा ना ती, कुणीतरी ओरडतं.
मिटत नाही हो! मार्चपासून!

नंतर बक्षिशीच्या नोटा, घाईघाईचे निरोप.
मी मागे वळून पाहिलं तर
थांब्यावर ट्राम उभी, दार उघडं,
दारात छत्री अडकलेली,
आत पिशव्या सावरत उतारू सरकतायत,
एकाच वेळी पाचसहा भाषांत सल्ले,
तिरकी करा, खाली घ्या, आधी तुम्ही या,
आणि ड्रायव्हर, पगडीवाला, हात स्टिअरिंगवरून काढून
स्वस्थ बसलाय,
जणू वेळापत्रकात हे लिहिलेलंच आहे.