रणनवरे साउंड सर्विस

रात्री साडेअकराला मी पंखा बंद करते.
जून, लष्करमधली गच्चीखालची खोली,
भिंतीला हात लावला तर भाकरी भाजेल,
पण पंखा चालू असला की गिटारीत गुणगुण शिरते,
पन्नास हर्ट्झ, साधारण खालचा जी,
आख्ख्या मोहल्ल्याचा एकच, न संपणारा सूर.
नॉइज गेट लावला की तो दाराबाहेर उभा राहतो.

घरच्यांना ऐकू येतं ते एवढंच:
टिक टिक, टिक टिक टिक.
आई झोपेतून विचारते,
काय गं, इतक्या रात्री गवार मोडते का तू?
हेडफोनच्या आत तेव्हा
किल्ल्याची टेकडी सरकत खाली येत असते,
माझ्या दोन्ही कानांवर.

लॅपटॉपवर अॅम्प आहे. म्हणजे त्याचं चित्र.
काळं चामडं, पितळी कोपरे, सहा बटणं,
जाळीआड चार व्हॉल्व्ह, केशरी, खोटे.
स्टँडबायचा खटका मी रोज माउसनं वर करते,
नाही केला तरी वाजतं.
चौदा दिवसांचं ट्रायल आहे; दर मिनिटाला
प्लगिन आपणहून दोन सेकंद गप्प बसतं,
पैसे मागायची त्याची रीत.

अप्पा पाणी प्यायला उठले आणि इथेच थांबले.
डावा कान भोंग्यांनी खाल्लाय त्यांचा.
पाटणकर बाजारात दुकान होतं,
लग्न, मुंडन, शोकसभा,
मेळ्यात हरवलेली मुलं.
काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागतो,
मी त्याला बफर म्हणते.
स्क्रीनपाशी वाकले. व्हॉल्व्ह ओळखले.
"गरम होतात?"
"चित्र आहे, अप्पा."
तरी लॅपटॉपच्या बुडाला हात लावून बघितला.
"होतात की."

मग हेडफोनची एकच वाटी, उजव्या कानाला.
मी वाजवलं: सहावी तार ए-वर उतरवलेली,
तळहातानं दाबून, तीन आठवडे घासलेला रिफ.
चेहरा हलला नाही.
बफर.
"मधलं कुठंय?"

मिड्स मी शून्यावर ठेवते. सगळेच ठेवतात.
एकटं ऐकलं तर राक्षस,
ड्रम आले की तोच राक्षस सापडत नाही,
मग मी आणखी गेन देते.
"खाली ढोल, वर झांजा," अप्पा म्हणाले,
"माणूस मधे राहतो.
मधलं कापलं तर नवरदेवाचं नाव
वरातीलाच कळायचं नाही."
आणि बोट लावून स्क्रीनवरचं बटण फिरवू लागले.
ही काही टचस्क्रीन नाही.
मी हळूच माउसनं फिरवलं, त्यांच्या बोटाबरोबर.
पाच. सहा. साडेसहा.
राक्षसाला दात आले.

रविवारी आम्ही माळ्यावरचा भोंगा काढला,
आत कोळ्याचं जाळं, कड पोचलेली.
गच्चीवर उभा केला, तोंडाशी माइक,
आणि वीस सेकंदांचा स्वर सोडला,
तळातून निघून वर, वर, कुत्र्यांपर्यंत.
शेजारचे भदौरिया बनियनवर बाहेर आले,
एअरबेसवर काही झालं का म्हणून.
अप्पांनी सवयीनं डावा कान झाकला.

त्यातून निघाली अर्ध्या सेकंदाची फाइल.
कॅबिनेटच्या जागी बसवली.
भयंकर. खाली काहीच नाही,
नुसता पत्रा, तोही सर्दी झालेला.
कुठेच बसेना.
शेवटी सुरुवातीचे आठ बार त्याला दिले,
एकट्याला, ड्रमशिवाय,
नवव्या बारला चार गिटारी
दोन्ही बाजूंनी कोसळतात.

अप्पांना ऐकवलं. एक वाटी, उजवा कान.
आठ बार ते मान हलवत होते,
कुणाच्या तरी वरातीत.
आठवा संपला, आणि नेमकी तिथेच
ट्रायलची दोन सेकंदं पडली.

अप्पांनी वर पंख्याकडे बघितलं.
"लाईट गेली?"