एक कुटुंब म्हणजे पाच माणसं

तुर्भ्याच्या गोदामात हिशेब सोपा असतो:
एक कुटुंब म्हणजे पाच माणसं.
पाच माणसांना झाकणाची एक बादली,
चार ब्लँकेटं, साबणाच्या सहा वड्या,
मिठाची पिशवी, ताडपत्री, दोर.
सहावं मूल यादीत बसत नाही.
त्याला मी रोज मनातल्या मनात बसवते
आणि खोक्याला चिकटपट्टी लावते.

ही खोकी न्हाव्याच्या धक्क्यावरून ज्या देशात जातात
तिथलं युद्ध
माझ्या मुलीच्या बारशापासून चालू आहे.
ती आता बारावीला बसली.

कोसा खोकी वाहतो. कमी बोलतो.
डबा उघडतो भिंतीकडे तोंड करून.
चार महिन्यांनी कळलं, तोही तसाच आलेला:
इंद्रावतीपलीकडून, रात्रीचा, धाकट्या भावाला पाठंगुळी घेऊन;
आधी मिरचीच्या शेतांत, मग वीटभट्टीवर,
मग दिघ्याच्या उतारावर,
पत्रा दुसऱ्याचा, भाडं स्वतःचं.
"तुम्हाला कोणी दिलं होतं का काही?"
"एका बाईनं पाणी दिलं," म्हणाला. "दोनदा."

गुरुवारी एका बादलीला तडा निघाला.
तडा गेलेला माल पाठवायचा नसतो.
मी अख्खा संच बाजूला काढला, साहेबांना विचारलं.
ते फोनवर होते, मान हलवली.
हो की नाही कळेना, मी हो धरलं.
"घेऊन जा घरी."
कोसा जागचा हलला नाही.
"वहीत लिहा."
"अरे, खराब मालाची वही वेगळी असते..."
"त्यात नको. ह्यात. जिथं त्यांची लिहिता."

लिहिलं मग. कुटुंब क्रमांक बाराशे एक.
नाव: कोसा मडकाम.
माणसं: पाच छापलेलं होतं, खोडून सहा.
गाव?
त्यानं सांगितलं. मी लिहून वाचून दाखवलं.
"नाही."
पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही.
त्या गावाच्या नावात मधोमध एक आवाज आहे
ज्याला माझ्याकडे अक्षर नाही,
घसा जरासा अडतो तिथं,
उंबऱ्याशी कुणी थबकावं तसा.

बाहेर टेंपोवाला हॉर्न देत होता.
चौथ्या खेपेला मी दोन अक्षरांमध्ये
बोटभर जागा मोकळी सोडली
आणि वाचताना तिथं थांबले.

तो हसला वगैरे नाही.
बादली उचलली, तड्यावरून अंगठा फिरवला.
"डांबर लावू," म्हणाला.