कुडाचं झाड

ऑगस्टात वॉटल फुललं.
कुत्र्याचं नाकसुद्धा पिवळं.
ईनिड पास्को फाटकापर्यंत आल्या,
म्हणाल्या, "लोकर-शेडची मागची भिंत बसली.
सिमेंट लावू नकोस हं,"
आणि चहा टाकायला आत गेल्या.

बसली म्हणजे खरंच बसली होती,
दिवसभर उभी राहिलेली बाई बसते तशी,
पाय पसरून, ओटीत ढेकळं.
माती गळून गेलेल्या जागी
काठ्यांची वीण उघडी:
एक आत, एक बाहेर, एक आत,
बोटाएवढ्या जाड,
उंदरांनी कडेकडेनं चाखलेल्या.

मी एक मोडून पाहिली. वास उडालेला.
टॅमीनं साल नखानं खरवडली.
"हेच ते. मागे फुललंय ना, तेच."

टॅमीचे लोक इथल्याच किनाऱ्याचे,
जहाजं दिसायच्या कितीतरी आधीपासूनचे.
ती काम करताना बोलते, माझ्याकडे न बघता.
"उतरले ते लोक, त्यांना झाड दिसलंच नाही.
कूड दिसला.
तिकडे हेझलच्या काठ्या विणायचे,
इथे हेझल कुठलं?
हे सरळ वाढत होतं, लवत होतं. तोडलं.
आणि झाडाला भिंतीचं नाव चिकटलं.
उद्या मला कुणी जिना म्हणून हाक मारली तर?"

"मग तुमच्यात काय म्हणतात?"

तिनं एक ओली फांदी तोडली,
पानं ओरबाडून टाकली.
"म्हणतात," एवढंच बोलली.
बऱ्याच वेळानं:
"हे फुललं की आम्ही खाडीवर जातो.
मासा आत येतो तेव्हा."
नाव नाहीच आलं.
मी खुंट्या ठोकत राहिले.

दुपारी पत्र्यावर एक पक्षी येऊन खोकला.
हो, खोकलाच,
तंबाखूनं छाती भरलेल्या म्हाताऱ्यासारखा,
आणि दोन्ही गालांखाली
लाल मांसाचे दोन थेंब हलले.
त्यांनाही वॉटल.
शब्द एकदा हाताला लागला
की माणसं तो खिळ्यासारखी
मिळेल तिथे ठोकतात.

"मलाही आलाय की," ईनिड म्हणाल्या,
आणि कपबश्या खाली ठेवून
हनुवटीखालची सैल कातडी
दोन बोटांत धरून हलवली.
"पंचाहत्तरीला आला. बर्टी टर्की म्हणायचा मला.
मग त्यालाही फुटला.
मग काय, एका टेबलाशी दोन टर्की,
कोण आधी कापलं जातंय याची वाट बघत."
त्या हसल्या. बर्टी आधी गेला होता.

संध्याकाळी माती मळायला घेतली:
चिकणमाती, गवत, गायीचं शेण,
आणि पडलेली सगळी ढेकळं फोडून, भिजवून त्यातच.
जुन्या भिंतीची माती वाया घालवत नाहीत,
ती पुन्हा भिंत व्हायला तयार असते.
आम्ही अनवाणी तुडवत होतो
आणि टॅमी एकदम थांबली.

तिच्या हातात एक ढेकूळ.
त्यावर चार बोटं.
कुणीतरी काठ्यांच्या फटीत माती दाबताना
उमटलेली, लहान, खोल.

ईनिडनी चष्मा लावला. आपलं बोट ठेवून पाहिलं.
सांधे सुजलेले, बसलं नाही.
"सासऱ्यांच्या वह्या आहेत आत," त्या म्हणाल्या,
"मेंढ्या किती, लोकर किती, पीठ किती.
लिंपायला कोण होतं ते…"
वाक्य तिथेच राहिलं.
कुत्रा उगाच भुंकला.

टॅमीनं बोट ठेवलं नाही.
नुसतं पाहिलं,
खूप वेळ,
माझ्या पायांतली माती गार होईपर्यंत.

चौथ्या दिवशी भिंत उभी राहिली.
आतून बाहेरून लिंपली.
एका ठिकाणी, डावीकडे, गुडघ्याच्या उंचीवर,
मिश्रण किंचित कमी पडलं.
ईनिडनी तिथे हात फिरवला,
टॅमीच्या कोटाचा जड झालेला खिसा पाहिला,
आणि विचारलं,
"अजून एकेक कप घेणार ना?"